न मोजलेली पिंपं आणि मामांचं ऑफिस

काका, सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याची, कारेलीबागेत राहते. सीए इंटर झाल्यावर एका मोठ्या फर्ममध्ये, म्हणजे ज्या चार फर्मांची नावं सगळे घेतात त्यांपैकी एकीत, आर्टिकलशिप (सीए होण्याआधीचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) लागली तेव्हा आजीने आळीत पेढे वाटले होते. आता आठ महिने होत आले. काम काय करते? बँकांना आणि ग्राहकांना बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे शिल्लक बरोबर आहे ना असं विचारणारी, पत्रं पाठवायची, आलेली उत्तरं एक्सेलमध्ये चढवायची, बिलं उघडून टिका मारायच्या. रिसीव्हेबल्स, म्हणजे ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमा, सोडून मी काही पाहिलेलंच नाही. मार्चपासून घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. माझी मैत्रीण रावपुऱ्यातल्या छोट्या ऑफिसात आहे. ती जीएसटीची रिटर्नं भरते, इन्कम टॅक्सच्या नोटिशींना उत्तरं लिहिते. एक मित्र अशाच मोठ्या फर्मच्या कन्सल्टिंग विभागात उन्हाळी इंटर्नशिप करून आला. तो म्हणतो, मी फक्त स्लाइडचे रंग जुळवले.

माझे मामा दांडियाबाजारात प्रॅक्टिस करतात. ते म्हणतात, "माझ्याकडे ट्रान्सफर घे. दुपारी दोनपर्यंत बस, नाही आलीस तरी चालेल, फायनलचा अभ्यास कर." बाबा बँक ऑफ बडोदातून निवृत्त झालेत, ते म्हणतात एवढं मोठं नाव सोडू नकोस. आईला पुण्यातल्या तरुण सीए मुलीच्या मृत्यूची ती बातमी आठवून झोप लागत नाही. मी काय करू?

ता. क. ३१ मार्चला सावली जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात स्टॉक टेकिंगला, म्हणजे माल मोजायला, गेले होते. खूप उशीर झाला, गाडी निघायची होती. सिनियर म्हणाले, राहिलेल्या पिंपांचे आकडे स्टोअरकीपरच्या शीटवरून भरून टाक. मी भरले. असं सगळेच करतात ना?

— द्विधेतली आर्टिकल

*

प्रिय मुली,

एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा मजकूर ता. क.मध्ये टाकलास. त्यामुळे मीही पत्र खालून वर वाचतो.

आधी एक बारीकशी गोष्ट. पत्रात तू त्या पिंपांत कोणता माल होता ते लिहिलं होतंस. छापताना ते मी गाळलं आहे. सावलीत असा माल करणारे कारखाने मोजकेच आहेत आणि हे सदर तिथलेही लोक वाचतात. क्लायंटची कुठलीही गोष्ट बाहेर लिहायची नसते, सल्ला विचारतानासुद्धा नाही.

आता पिंपं. सगळेच करतात का? सगळे नाही, पण बरेच जण करतात, आणि त्याने तुला काहीच दिलासा मिळत नाही. कारण तू तिथे नेमकी कशासाठी गेली होतीस ते बघ. स्टोअरकीपरची शीट म्हणजे कंपनीचं म्हणणं. "आमच्याकडे एवढा माल आहे" असं ती शीट सांगते. ते खरं आहे का, हे पाहायला ऑडिटरने माणूस पाठवला, तो माणूस तू. शीटवरच्या ओळी निवडून गोदामात जायचं आणि माल जागेवर आहे का बघायचं, हा एक फेरा. मग उलट, गोदामात समोर दिसेल तो माल निवडायचा आणि तो शीटवर आलाय का बघायचं, हा दुसरा. पहिल्यात कागदावरचा खोटा माल सापडतो, दुसऱ्यात लपवलेला. पिंप भरलेलं आहे का, झाकण उघडून आत लेबलावरचाच माल आहे का, जॉबवर्कसाठी दुसऱ्याचा आलेला माल आपल्यात धरला नाही ना, टाकीत डिप (मोजकाठी) टाकून मोजमाप घेतलं का, हे सगळं त्याच फेऱ्यांत बघायचं. निघताना त्या दिवसाच्या शेवटच्या आवकेचा आणि शेवटच्या रवानगीचा नंबर टिपून घ्यायचा, म्हणजे १ एप्रिलला गेलेली गाडी कुणी ३१ मार्चच्या विक्रीत घुसवली तर ती पकडता येते. राहिलेले आकडे शीटवरून घेतलेस तेव्हा तू शीटने शीटच तपासलीस. तो कागद फाइलमध्ये नसता तर बरं झालं असतं, कारण मग निदान मोजणी अर्धवट झाली हे कुणालातरी दिसलं असतं. आता ती पूर्ण झालेली दिसते.

आणि त्याच्यावर तुझी आद्याक्षरं आहेत. एसए २३० या ऑडिटच्या मानकाप्रमाणे काम कुणी केलं आणि कोणत्या तारखेला केलं हे वर्किंग पेपरवर, म्हणजे ऑडिटच्या कामाच्या कागदावर, असावंच लागतं. ऑडिट रिपोर्टवर सही पार्टनरची असणार, जबाबदारीही त्यांचीच. पण पार्टनर सावलीला गेले नव्हते. ते तुझ्या डोळ्यांवर विसंबून सही करणार आहेत.

घाबरू नकोस. हे अजून दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि तुला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. एसए ५०१ या मानकातच तशी वाट ठेवलेली आहे: मोजणी वर्षअखेरीच्या दिवशी झाली नाही तर दुसऱ्या एखाद्या दिवशी जाऊन मोजता येतं आणि मधल्या काळातली आवक-जावक तपासून ३१ मार्चच्या आकड्याला मागे जाता येतं. त्यासाठी एक गाडी आणि अर्धा दिवस लागेल. अट एकच, हे रिपोर्टवर सही होण्याआधी व्हायला हवं. कंपनी लिस्टेड असेल तर वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, म्हणजे ३० मेपर्यंत. तेव्हा दिवाणखान्यात बसून विचार करायला फार दिवस नाहीत.

आधी सिनियरशी एकटीने बोल. सगळ्यांसमोर नाही, आणि "तुम्ही मला सांगितलंत" अशी सुरुवात करू नकोस, कारण मग ते स्वतःला वाचवायला लागतील आणि पिंपं बाजूला राहतील. त्याच दिवशी एक साधा मेल टाक: "३१ मार्चच्या मोजणीत अमुक ओळीपासून पुढची पिंपं मी प्रत्यक्ष मोजलेली नाहीत, ते आकडे स्टोअरच्या शीटवरून घेतले आहेत. फाइलमध्ये तशी नोंद करू की पुन्हा मोजायला जाऊ, ते कृपया सांगा." एवढंच. माफीची तीन वाक्यं नकोत, कारणं नकोत. चांगला सिनियर असेल तर मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकेल, कारण हे ओझं त्याच्याही डोक्यावर आहे. "जाऊ दे, सोड" असं उत्तर आलं तर तोच मेल मॅनेजरला. तिथेही काही झालं नाही तर पार्टनरला. फर्ममध्ये तक्रारीसाठी वेगळी हेल्पलाइन असेल, पण तिथून सुरुवात नको, आधी घरातल्या घरात सांगून बघावं. आणि फाइलमधला जुना कागद स्वतः होऊन खोडू किंवा बदलू नकोस. एक चूक झाकायला दुसरी करायची, असं व्हायला नको.

हे झाल्यावर बाकीच्या तक्रारींकडे येऊ.

कन्फर्मेशनची पत्रं पाठवणं हे तुला पोस्टमनचं काम वाटतं. ७ जानेवारी २००९ ला, तू तेव्हा बालवाडीतही नसशील, सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँक शिल्लक! ज्यात खोटं बोलणं सगळ्यांत अवघड असायला हवं, ती रक्कम. बँकेला विचारलं की कळतं. पण विचारलं कुणी, पत्र कुणी टाकलं, उत्तर कुणाच्या हातून आलं, यावर सगळं ठरतं. म्हणून एसए ५०५ सांगतं की या पत्रव्यवहारावर ताबा ऑडिटरचा हवा. पत्ता आपण तपासायचा, पत्र आपण पाठवायचं, उत्तर थेट आपल्याकडे यायला हवं. क्लायंटचा अकाउंटंट प्रेमाने म्हणेल, "बेन, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच मागवून देतो," तेव्हा गोड हसून नाही म्हणायचं, हेच तुझं काम. उत्तर ज्या ईमेलवरून आलं तो पत्ता खरोखर त्या ग्राहक कंपनीचा आहे की कुणी जीमेलवर उघडलेला आहे, हे तू कधी पाहिलंस का? पुढच्या खेपेला बघ. आणि बाबांना विचार, शाखेत अशी पत्रं यायची तेव्हा ते काय करायचे. ऑडिटरच्या पत्राला बँकेच्या टेबलावर कसं वागवलं जातं, हे तुझ्या घरातच एक माणूस सांगू शकतो, आणि मला वाटतं ते ऐकून तुझी झोप थोडी उडेल.

पण तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या फर्मांना आर्टिकल म्हणजे स्वस्तात मिळणारे हात वाटतात. एकाच मुलीला आठ महिने रिसीव्हेबल्सवर बसवणं हे शिक्षण नव्हे, ती मॅनेजरची सोय. पहिल्या वर्षी टिका मारलेली मुलगी दुसऱ्या वर्षी त्याच टिका पटापट मारते, म्हणून तिला तिथेच ठेवतात. हे आपोआप बदलणार नाही, तुला मागावं लागेल. मात्र "मला चांगलं काम द्या" असं मागितलंस तर कुणी देणार नाही, ते ऐकायलाच तक्रारीसारखं लागतं. नेमकं काहीतरी माग. आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी मुंबईहून किंवा पुण्याहून येणाऱ्या तुझ्या सिनियर्सकडे नाही. तू कारेलीबागेत वाढलीस, गुजराती बोलतेस, वाचतेस, गुजराती आकडे झरझर वाचतेस. सावली, वाघोडिया, मकरपुरा, नंदेसरी, कुठल्याही जीआयडीसीत जा, गेटवरचं रजिस्टर, वजनकाट्याची चिठ्ठी, ठेकेदाराचं हजेरीपत्रक बऱ्याचदा गुजरातीत असतं. इंग्रजीतली सारवासारव एक्सेलमध्ये होते, खरं गेटवर असतं. मॅनेजरला सांग, "खरेदीच्या किंवा स्टॉकच्या वॉकथ्रूला (व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायच्या कामाला) मला घ्या, गेट रजिस्टर मी वाचते." मला तरी एकही मॅनेजर माहीत नाही जो याला नाही म्हणेल.

तोवर तू रिसीव्हेबल्सवरच आहेस तर तिथेच एक काम स्वतःहून कर. एक विक्री पकड, एकच, आणि तिचा माग शेवटपर्यंत काढ. ग्राहकाची ऑर्डर, दर कुणी मंजूर केला, गेट पास, ई-वे बिल, बीजक, जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये ती कुठल्या महिन्यात आली, पैसे कधी आले, कमी आले तर क्रेडिट नोट कुणाच्या सहीने निघाली. शिवाय अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधली एडिट लॉग उघडून बघ. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, नोंद कुणी कधी बदलली ते त्यात दिसतं. गेल्या वर्षीची फाइल आणि यंदाचा प्लॅनिंग मेमो वाचायला माग. ज्या टिकेचा कंटाळा येतो ती कुठल्या धोक्यासाठी मारतोय, ते त्यात लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं, तर सिनियरला विचार. त्यालाही माहीत नसेल तर दोघं मिळून मॅनेजरला विचारा, मजा येईल.

रावपुऱ्याच्या मैत्रिणीचा हेवा वाटतो ते मला पटतं. ती एका दुकानाचा पूर्ण हिशेब पाहते, तू एका कंपनीचा एक तुकडा खोलात पाहतेस. पुढे बडोद्यातच स्वतःचा बोर्ड लावायचा असेल तर तिचं शिक्षण तुझ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, हे मी स्पष्टच सांगतो, मग पेढे कुणीही वाटलेले असोत. कंपनीच्या फायनान्समध्ये किंवा मोठ्या ऑडिटमध्ये जायचं असेल तर तुझं. तुला काय व्हायचंय हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. बाबांना काय वाटतं, मामांना काय वाटतं, आजीने काय केलं, हे सगळं आहे. आणि हे पक्कं ठरलं नसेल तर शेवटच्या वर्षात इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा पर्याय असतो, ९ ते १२ महिन्यांचा. रिफायनरी, खतं, औषधं, इंजिनियरिंग, सगळं आपल्या शहराच्या आसपास आहे. ऑडिटरच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून बघता येईल.

स्लाइडचे रंग जुळवणाऱ्या मित्राचं सोडून दे. दोन महिन्यांत कुणी काही हातात देत नाही. रंग जुळवताना स्लाइडवरचा मजकूर वाचला असता तर एखादा उद्योग तरी समजला असता.

आता तासांबद्दल, आणि इथे मला आईची बाजू घ्यायची आहे. आर्टिकलसाठी संस्थेने, म्हणजे सीएंच्या आयसीएआयने, कामाचे तास आठवड्याला ३५ ठरवलेले आहेत. एप्रिल-मे, तिमाही निकालांचे दिवस, सप्टेंबरमधलं टॅक्स ऑडिट, या काळात ते वाढतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि काही आठवडे निभावून न्यायला हरकत नाही. पण हंगाम संपला तरी रात्रीचे अकरा चालूच असतील, तर तो कामाचा व्याप नव्हे, माणसं कमी घेतलेली आहेत. २०२४ साली पुण्यात एका तरुण सीए मुलीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. तुझ्या आईला झोप लागत नाही ती त्या पत्रामुळे, आणि तिची काळजी वेडी नाही. रोज किती वाजता आलीस, किती वाजता निघालीस, वहीत लिहून ठेव. जेवण चुकायला लागलं, झोप सलग कमी व्हायला लागली, तर ही वही घेऊन प्रिन्सिपलकडे जा. प्रिन्सिपल म्हणजे फर्म नव्हे. संस्थेकडे तुझी नोंद एका सभासदाच्या नावावर झालेली आहे, तुझ्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्या माणसाची आहे. आठ महिन्यांत तू त्यांच्याशी दहा मिनिटं तरी बोललीस का? वेळ मागून घे. रात्री सावलीहून किंवा हालोलहून परत यायचं असेल तर गाडी ठरल्याशिवाय निघायचं नाही, आणि ती मागताना लाजायचं नाही. त्या दिवशी गाडीच्या घाईनेच तर सगळा घोळ झाला.

राहिले मामा. त्यांचं प्रेम मला दिसतं. पण "नाही आलीस तरी चालेल" या वाक्याला आपल्या व्यवसायात डमी आर्टिकलशिप म्हणतात, आणि ती संस्थेला चालत नाही. पकडली गेली तर तुझं प्रशिक्षण रद्द होऊ शकतं आणि मामांवर शिस्तभंगाची कारवाई. पकडली नाही गेली तरी शेवटी फॉर्म १०८ वर मामा लिहून देणार की भाचीने अमुक काळ माझ्याकडे प्रशिक्षण घेतलं. ती म्हणजे न मोजता भरलेली अख्खी शीट झाली, आणि या वेळी सही घरच्या माणसाची. रोज पूर्ण वेळ बसवून मामा खरोखर शिकवणार असतील, तर ती वेगळी गोष्ट, मग मी विरोध करणार नाही. तसं त्यांना सरळ विचार. पण ट्रान्सफरला आत्ताच्या प्रिन्सिपलची फॉर्म १०९ वर सही लागते, तेव्हा पिंपांचं निस्तरल्याशिवाय तो विषय काढू नकोस. नाहीतर तू पळून गेलीस असं दिसेल, आणि ते दिसणं फारसं चुकीचंही नसेल.

अभ्यासासाठी मामांच्या ऑफिसाची गरज आहे असं मला वाटत नाही. तुझी आर्टिकलशिप नव्या पद्धतीची, म्हणजे दोन वर्षांची. आमच्या वेळी तीन होती. ती संपल्यावर फायनलला बसण्याआधी सहा महिने मोकळे मिळतात, ते अभ्यासासाठीच ठेवलेले आहेत. फायनल आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. आत्ता तू एवढंच कर: सेल्फ-पेस्ड मॉड्यूलचे, म्हणजे आपल्या सवडीने शिकायच्या विषयांचे, चार संच आहेत, फायनलआधी ते पास व्हावेच लागतात, त्यातला एखादा जूनमध्ये काढून टाक. हंगाम उतरलेला असतो, पाऊस नुकताच लागलेला असतो, गणपती आणि नवरात्र लांब असतात. नवरात्रात तू पुस्तक उघडशील असं मी समजत नाही, बडोद्याच्या मुलीकडून ती अपेक्षाही नाही.

मामांना नाही म्हणायला फोन करू नकोस, जाऊन भेट. आणि जाताना एक काम घेऊन जा. जुलैत घरची रिटर्नं असतात. आई-बाबांची रिटर्नं यंदा तू भर, मामांच्या समोर बसून, चुकेल तिथे त्यांनी टोकायचं. बाबांचं पेन्शन सोपं आहे. आईचं बघ नीट. एआयएसमध्ये (इन्कम टॅक्स खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) व्याज काढून पडताळून पाहा, बायकांच्या मुदत ठेवींपैकी एखादी तरी घरात कुणालाच माहीत नसते.

— तुझा काका